वॉरंट नसताना पोलीस घरात शिरले : केस लढायची की दंड भरून मोकळं व्हायचं?

कर्वेनगरचा मामा :
माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र पुण्यात कर्वेनगरला भाड्याने राहतात. शनिवारी रात्री पावणेबाराला सोसायटीतून आवाजाची तक्रार गेली, दोन बीट मार्शल आले. दोघेही शिपाई. पोरांनी गाणी बंद केली, सॉरी म्हणून झालं. तिथेच विषय संपायला हवा होता. पण एकाला म्हणे गांजाचा वास आला. भाच्याने दार अर्धवट धरून विचारलं, "वॉरंट आहे का?" "वॉरंट पिक्चरमध्ये असतं," म्हणत दोघं आत. कपाटं उपसली, गाद्या उलट्या केल्या, स्वयंपाकघरात कसुरी मेथीचं पाकीट फोडून हुंगलं. सापडलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी चौकीत बोलावणं आलं : सरकारी कामात अडथळा, भारतीय न्याय संहिता कलम २२१.

घरात सगळ्यांचं एकच पालुपद. पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळा हो. मला हे पटत नाही. उंबरा ओलांडताना ज्यांनी कायदा पाहिला नाही, त्यांच्या कागदावर पोराने गुन्हेगार म्हणून सही का करायची? माझ्या मते लढायचं. बोला.

पेन्शनर खाकी :
मामासाहेब, उभी हयात खात्यात गेली म्हणून सांगतो. रात्री बाराला वॉरंटसाठी कुठल्या मॅजिस्ट्रेटचं दार वाजवायचं? तोवर माल संडासात जातो. म्हणून तर कायद्यानेच वॉरंटशिवाय झडतीची सोय ठेवली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १६५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १८५. दुसरं, पोलीस चुकला म्हणून त्याला अडवायचा परवाना मिळत नाही. दंड संहितेचं जुनं ९९, म्हणजे न्याय संहितेचं आताचं ३७ वाचा. सरकारी नोकर सद्भावनेने काम करत असेल, आणि मृत्यूची किंवा जबर दुखापतीची भीती नसेल, तर त्याचं कृत्य काटेकोर कायदेशीर नसलं तरी स्वसंरक्षणाचा हक्क सांगता येत नाही. पोरगा दारातून बाजूला झाला असता तर केसच उभी राहिली नसती.

भाडेकरू नंबर चार :
हो ना काका. मालकांच्या घरी बारसं दोन वाजेपर्यंत वाजत असतं तेव्हा कुणाला कसला वास येत नाही. बॅचलर दिसले की नाकं तिखट होतात.

त्रस्त शेजारी :
वाजवायचं कमी करा म्हणजे कुणी येणार नाही. रात्री दहानंतर स्पीकर बंद, हा नियम काल निघालेला नाही. माझ्या आईला झोपेची गोळी घेऊनही झोप लागत नाही. तक्रार करणाऱ्याला खलनायक करू नका एवढंच.

काळा डगला :
वकील आहे, शिवाजीनगर कोर्टात रोजचा वावर. मामा, तुमच्या बाजूचा आहे, पण आधी एक भ्रम काढतो. "वॉरंट नव्हतं" एवढ्यावर आपल्याकडे केस पडत नाही. अमेरिकेत १९६१ च्या मॅप खटल्यापासून बेकायदा झडतीतला पुरावा कोर्ट बाहेर ठेवतं. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये पूरणमल खटल्यात नेमकं उलट धरलं : झडती बेकायदा असली तरी मिळालेली वस्तू संबंधित असेल तर पुराव्यात येते. भाच्याच्या कपाटात खरंच गांजा निघाला असता तर मी आज वेगळं बोलत असतो.

पण खाकीसाहेबांनी १८५ अर्धंच वाचून दाखवलं. ही झडती ठाण्याच्या प्रभारीने किंवा तपास अधिकाऱ्याने घ्यायची, तीही आधी कारणं लिहून. स्वतः जाता येत नसेल तर का ते नोंदवून हाताखालच्याला लेखी आदेश द्यायचा, त्यात जागा आणि शोधायची वस्तू नमूद करून. झडतीचं चित्रीकरण हवं. १ जुलै २०२४ पासून मोबाइलवर करायची सोय कायद्यातच आहे. त्या नोंदींची प्रत ४८ तासांच्या आत जवळच्या मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे, आणि घरात राहणाऱ्याने अर्ज केला तर ती फुकट मिळते. गांजाच्या संशयावर शिरले म्हणत असतील तर अमली पदार्थ कायद्याचं कलम ४२ येतं. तिथे शिपायाला अधिकारच नाही, त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचं तर कारणं लिहावी लागतात. वाजवी संशय नसताना घर धुंडाळलं तर त्याच कायद्याच्या ५८ खाली अधिकाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. हे कलम लागलेलं सहसा दिसत नाही, तो भाग वेगळा.

म्हणून वॉरंट मागत बसू नका. ही कागदं मागा.

पेन्शनर खाकी :
वकीलसाहेब, पुस्तकात सगळं छान असतं. ते झडतीला गेलेच नव्हते. आवाजाचा कॉल होता, वास आला म्हणून आत डोकावले. झडतीला दोन प्रतिष्ठित पंच लागतात म्हणाल, तर कर्वेनगरात मध्यरात्री ते कुठून आणायचे? लोक दिवसासुद्धा पंच व्हायला तयार नसतात, कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून. आणि २२१ वर उड्या मारताय. उद्या न्याय संहितेचं १३२ वाढवलं तर अजामीनपात्र आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. पोरगा हात जोडून सुटला तर बरं.

काळा डगला :
गादी उलटी करणं म्हणजे डोकावणं नव्हे. १३२ ला हल्ला किंवा फौजदारी बळ लागतं, तेही माणसावर. पोराने दार धरलं, शिपायाची कॉलर नाही. ३७ मधली सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नसतो, योग्य ती काळजी घेणं त्यात येतं. साठच्या दशकातल्या राधाकिशन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एवढं मान्य केलं आहे की झडतीचे नियम मोडले असतील तर ज्याचं घर आहे तो विरोध करू शकेल. त्याच निकालात जप्ती मात्र रद्द होत नाही असंही आहे, हे लपवत नाही.

आणि २२१ चं दुखणं वेगळंच आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या २१५ प्रमाणे संबंधित सरकारी नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने कोर्टाकडे लेखी तक्रार केल्याशिवाय कोर्ट या गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. नेहमीसारखी चार्जशीट पाठवून भागत नाही. कबुली दिली की हा मुद्दा कुणी बघतही नाही.

हिशेबी :
वकिलांना लढा म्हणायला काय जातं, प्रत्येक तारखेला त्यांची फी. क्वॉशिंगला, म्हणजे केसच रद्द करून घ्यायला हायकोर्टात जायचं तर मुंबई. कोल्हापूरचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, पण पुणे त्यात नाही, बसा डेक्कन क्वीनमध्ये. पोरगा आयटीत असेल, उद्या ऑनसाइट निघालं तर खटला चालू असताना पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते. २२१ मध्ये दंड जास्तीत जास्त अडीच हजार. अहंकार सांभाळायला इतका खर्च?

भाडेकरू नंबर चार :
तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे त्यात, ती विसरलात.

काळा डगला :
फीबद्दलचा टोमणा घेतला. पण क्वॉशिंग ही पहिली पायरी नाही. आधी इथेच मॅजिस्ट्रेटसमोर २१५ चा मुद्दा काढायचा. पासपोर्टची परवानगी अर्ज करून मागता येते. कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे कंपनीच्या फॉर्मवर "कधी शिक्षा झाली आहे का" या रकान्यात आयुष्यभर "हो" लिहायचं.

कर्वेनगरचा मामा :
हिशेबी, पैशाचं तुम्ही बोललात ते खरं आहे. ताईचंही तेच म्हणणं, ती रडकुंडीला आली आहे. पण पोरगा २३ वर्षांचा आहे, त्याला विचारलं तर तो लढतो म्हणाला. त्रस्त शेजारी, आवाजाची वेगळी पावती फाडली असती तर मी स्वतः भरली असती. १८५ च्या नोंदींसाठी सोमवारी अर्ज देतोय. नोंदच केलेली नसेल तर?

काळा डगला :
तर तसं लेखी उत्तर घ्या, ते प्रतीपेक्षाही कामाचं. आणि सोसायटीच्या जिन्यातला सीसीटीव्ही? दारात नेमकं काय झालं ते त्यातच दिसेल. बहुतेक डीव्हीआर काही दिवसांत जुनं पुसून त्यावरच नवं रेकॉर्ड करतात.

कर्वेनगरचा मामा :
तो चेअरमनच्या ताब्यात. तक्रार करणारे तेच.

काळा डगला :
मग सोमवारची वाट बघू नका. आजच लेखी पत्र, तारीख आणि वेळ घालून, फुटेज जपून ठेवा म्हणून. पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट.

त्रस्त शेजारी :
फुटेजमध्ये आवाज येत नाही, हे लक्षात असू द्या.