हंगामी कामगारांच्या प्रशिक्षणासाठी व्हॉट्सॲप गट पुरेसा आहे का?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात हंगामापुरते येणारे कामगार दरवर्षी तेच प्रश्न विचारतात आणि गटावर दिलेली उत्तरे सुप्रभातच्या संदेशांखाली गाडली जातात. काय करावे?

उत्तर (मालवण): गट विचारण्यापुरता ठेवा आणि उत्तरे विकीवर, म्हणजे सगळ्यांना लिहिता आणि सुधारता येईल अशा संकेतस्थळावर, साठवा. अमेरिकी प्रोग्रामर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली, तीही प्रोग्रामरांनी आपले अनुभव एकत्र लिहावेत आणि सुधारावेत म्हणूनच.

उत्तर (चिपळूण): मात्र चुका चारचौघांत दाखवू नयेत. आमच्याकडे एका मुलीची चूक गटावर टाकली गेली, त्यानंतर महिनाभर कोणीही काही विचारले नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्या मावशी डब्याची कड बोटाने चाचपून शिवणीतला दोष ओळखतात. त्यांच्या संमतीने प्रथम त्याचाच व्हिडिओ घेतो.