शवविच्छेदन अहवालातील ‘सुसंगत’ आणि गुदमरण्याची क्रियापदे

प्रश्न : बालकांच्या न्यायवैद्यक शवविच्छेदन अहवालांचा अनुवाद करताना ‘कन्सिस्टंट विथ’ या शब्दप्रयोगासाठी मी ‘सुसंगत’ योजतो. ‘फुप्फुसांवरील सूक्ष्म रक्तबिंदू गुदमरण्याशी सुसंगत आहेत’ हे वाक्य वाचून एका वकिलांनी, ‘म्हणजे मूल गुदमरूनच गेले ना?’ असे विचारले. चूक शब्दाची की वाचणाऱ्याची?

उत्तर : कोशाच्या दृष्टीने शब्द बरोबर आहे, पण त्यातला ‘सु’ घात करतो. सुसंगत विचार, सुसंगत मांडणी असे आपण म्हणतो तेव्हा त्यात पसंतीची छटा असते. शवविच्छेदकाला मात्र एवढेच सांगायचे असते की, जे दिसले ते त्या कारणाच्या आड येत नाही. तसेच रक्तबिंदू झोपेत अचानक दगावलेल्या आणि कोणतेही कारण न सापडलेल्या अर्भकांच्या फुप्फुसांवर, हृदयाच्या पृष्ठभागावर आणि थायमस ग्रंथीवर पुष्कळदा आढळतात, म्हणजे तुमचे वाक्य त्या मृत्यूशीही तितकेच ‘सुसंगत’ ठरते.

मूळ इंग्रजी शब्दप्रयोगही निर्दोष नाही. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात बालमृत्यूंच्या चुकीच्या न्यायवैद्यक निदानांमुळे निरपराध माणसांना शिक्षा झाल्यानंतर न्यायमूर्ती स्टीफन गौज यांच्या आयोगाने 2008 मध्ये जो अहवाल दिला, त्यात हाच शब्दप्रयोग दिशाभूल करणारा म्हणून नोंदवलेला आहे, कारण ऐकणारा ‘असू शकते’चे ‘आहे’ करून टाकतो.

माझ्या मते खरी अडचण ‘गुदमरणे’ या क्रियापदापाशी आहे. ‘गुदमरणे’ अकर्मक आहे, त्यामुळे त्यात दोषी कोणी नाही. ‘गुदमरवणे’ म्हटले की कर्ता आलाच. या दोहोंमध्ये तटस्थ वाटतो म्हणून ‘श्वासावरोध’ वापरतात, पण अवरोध म्हटला की वाचक अवरोध करणाऱ्याला शोधू लागतो. मऊ उशीखाली किंवा दुलईत श्वास कोंडून दगावलेल्या अर्भकाच्या शरीरावर बहुधा काहीच खूण राहत नाही आणि श्वास आपोआप कोंडला की कोणी कोंडला, हे केवळ शवविच्छेदनाने ठरवता येत नाही. म्हणूनच अंथरूण कसे होते, बाळाला कसे निजवले होते आणि ते कोणत्या स्थितीत सापडले, हे घटनास्थळी बाहुली ठेवून पुन्हा मांडून पाहतात. जे शरीर सांगत नाही ते क्रियापदाने सांगू नये.

प्रतिप्रश्न : मग ‘आकस्मिक अर्भकमृत्यू लक्षणसमूह’ (इंग्रजीत ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’) हे मृत्यूचे कारण मानायचे की कारणाचा अभाव?

उत्तर : अभावाला दिलेले नाव. 1969 मध्ये सिएटल येथील परिषदेत ही संज्ञा मांडली गेली. पुढे तिची व्याख्या अधिक काटेकोर झाली : एक वर्षाखालील अर्भकाचा अचानक मृत्यू, जो संपूर्ण शवविच्छेदन, घटनास्थळाची पाहणी आणि वैद्यकीय पूर्वेतिहास या तिन्हींनंतरही उलगडत नाही. यांपैकी एक जरी राहिले तरी ही संज्ञा वापरता येत नाही. ‘लक्षणसमूह’ हा अनुवाद मला नेहमीच विचित्र वाटतो, कारण येथे लक्षण असे काही नसतेच. पण तो आता रूढ आहे. पोलिसी मराठीतील ‘अकस्मात मृत्यू’शी मात्र त्याची गल्लत करू नये. ती नोंदीची वर्गवारी आहे आणि तिच्यात विहिरीत पडून झालेला मृत्यूही बसतो.

प्रतिप्रश्न : आणि मृत्यू नैसर्गिक, अपघाती की घातपाती हे ठरत नसेल, तर ‘संशयास्पद’ लिहावे का?

उत्तर : मुळीच नाही. ‘संशयास्पद’ हा शब्द शवाबद्दल काही बोलत नाही, तो घरातल्या माणसांकडे बोट दाखवतो. ‘अज्ञात’ही नको, कारण त्यातून तपास झालाच नाही असे भासते. ‘अनिर्णीत’ लिहावे : तपास झाला, पण निर्णय झाला नाही.

प्रश्नकर्ता : वाक्य आता असे केले आहे : ‘फुप्फुसांवर सूक्ष्म रक्तबिंदू आढळले. श्वास कोंडल्याने ते येऊ शकतात. अन्य कारणांनी झालेल्या मृत्यूंतही ते आढळतात. केवळ त्यांवरून मृत्यूचे कारण ठरवता येत नाही.’

उत्तर : ‘केवळ’ कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. पुढे घटनास्थळाचा पुरावा आला, तर त्याला जागा त्या एका शब्दातच आहे.