कपडे कमी घ्यायचेत, पण जमत नाहीये

कपाटवाली: कपाट उघडलं की कुर्ते अंगावर कोसळतात, तरी सेल लागला की बोट ऑर्डरवर जातंच. आता कमी घ्यायचं ठरवलंय आणि घेतलंच तर विणणाऱ्याला नीट पैसे मिळतील असं, पण ओळखायचं कसं?

हातमाग_वेडा: हँडलूम मार्क बघ, म्हणजे खऱ्या हातमागाच्या कापडावरचं सरकारी लेबल, 2006 पासून आहे, खादीला खादी मार्क. आणि कापड उलटं करून बघायचं, हातमागाच्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास तसाच दिसतो, यंत्रमागाच्या बऱ्याचदा मागे धागे लोंबतात.

निवांत: स्वस्त टीशर्टची किंमत दुसरं कुणीतरी भरतंच ना. 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत पडली, 1,100 हून जास्त माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते तरी कामगारांना आत पाठवलं. पण महाग म्हणजे चांगलं असंही नाही हां.

गोधडीप्रेमी: आमच्याकडे जुन्या साड्यांची गोधडी आणि उरलेलं बोहारणीला, एका पातेल्यासाठी आई अर्धा तास घासाघीस करायची 😄 मी मागच्या महिन्यात तिच्याच साडीचे दोन कुर्ते शिवून घेतले, मस्त झालेत.

कपाटवाली: बोहारीण माझ्याकडे पाठव गं, अख्खा डिनर सेट निघेल!