मदत हवी आहे : मोरी माशाचा मणका इतका कडक का, आणि तांबोशी माशाच्या हाडात पेशी का दिसत नाहीत?

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. अस्थी (हाड) आणि कास्थी (कूर्चा) यंदा नववीच्या मुलांना फळ्यावरच्या आकृतीऐवजी प्रत्यक्ष दाखवायच्या असं ठरवलं. वर्गातली बरीच मुलं मच्छीमारांच्या घरची, मासा आतून-बाहेरून ओळखणारी. म्हणून सामान बाजारातूनच आणलं : मोरी (लहान शार्क), मोठी तांबोशी, आणि मटणाच्या दुकानातून बोकडाची नळी (पायाचं लांब हाड) व श्वासनलिका. आता दोन-तीन ठिकाणी अडले आहे. मुलांना नीट उत्तर द्यायचं आहे, वेळ मारून न्यायची नाही.

पहिली अडचण मोरीची. मोरी, मुशी, पाकट यांचा सांगाडा कास्थीचा आणि कास्थी मऊ, लवचीक, असं आपण शिकवतो. मोरीचं डोकं आणि परांचा तळ सुरीने सहज कापला जातो, तिथवर ठीक. पण पाठीचा कणा उकळून मणके सुटे केले, तर ते टणक निघाले, नखाने ओरखडासुद्धा उठेना. एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यां तर हाडच आसा!" तिने हातात धरून, दाबून बघून काढलेला निष्कर्ष आहे. "पुस्तकात कास्थी दिलंय" एवढंच तिला सांगणं मला पटत नाही. मणके व्हिनेगरमध्ये ठेवल्यावर मऊ पडले, म्हणजे त्यात क्षार आहेत हे नक्की. मग ते हाड का नाही?

दुसरी अडचण तांबोशीची. तिच्या कल्ल्यावरच्या झाकणाचं हाड पॉलिश पेपरवर घासून पातळ केलं आणि पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. थर दिसतात, रेषा दिसतात, पण अस्थिपेशींच्या पोकळ्या एकही नाही. बोकडाच्या नळीचा काप तसाच केला, तर त्यात पुसट ठिपके दिसतात. मात्र हाडातून रक्तवाहिनी जाते त्या नलिकेभोवतीची, पुस्तकातल्या आकृतीतली ती प्रसिद्ध गोल वर्तुळं त्यातही सापडली नाहीत.

कास्थी मात्र सुरेख दिसली. श्वासनलिकेच्या कडीचा ब्लेडने पातळ काप घेऊन मिथिलीन ब्लूने रंगवला. पेशी दोन-दोन, चार-चारच्या जुडग्यांत बसलेल्या, भोवती गुळगुळीत आधारद्रव्य (पेशींच्या मधला भराव). मुलं पुन्हा पुन्हा रांगेत येऊन बघत होती. हाडाच्या बाबतीतही त्यांना हाच आनंद मिळावा अशी फार इच्छा आहे. प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक, मिथिलीन ब्लू, सॅफ्रनिन, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल एवढंच आहे. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद १

बाई, तुमची विद्यार्थिनी योग्य जागी अडली आहे. मी मत्स्यविज्ञान शिकलो आहे, त्यामुळे माशांपुरतं सांगतो.

कडकपणावरून हाड ठरत नाही. ते ठरतं पेशींवरून आणि आधारद्रव्यावरून. हाडाच्या आधारद्रव्यात मुख्यत्वे पहिल्या प्रकारचं कोलॅजेन (तंतुमय प्रथिन) असतं, ते अस्थिजनक (हाड बनवणाऱ्या) पेशी थराथराने रचतात आणि त्यात कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक बसतात. कास्थीत दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन आणि भरपूर पाणी धरून ठेवणारी कॉन्ड्रॉइटिन सल्फेटसारखी द्रव्यं असतात, आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. मोरीच्या मणक्यात याच कास्थीवर क्षार चढलेले आहेत. स्फटिक हाडातल्याच जातीचे, पण ज्यात ते बसले ते द्रव्य कास्थीचं. म्हणून तो हाड नव्हे, क्षारयुक्त कास्थी. तिचा जबडाही जवळून बघा. आत मऊ कास्थी आणि वरून क्षारांच्या बारीक फरश्यांचा थर दिसेल. जबडा भक्कम होतो तो या थरामुळे. मणक्याच्या उभ्या कापात वाढीची वलयंही दिसतात, त्यांवरून शार्कच्या वयाचा अंदाज बांधतात.

आता तांबोशी. तुमच्या कापात पोकळ्या दिसल्या नाहीत कारण त्या तिथे नाहीतच! तांबोशी, जिताडा अशा बहुतेक प्रगत अस्थिमत्स्यांच्या (हाडांचा सांगाडा असलेल्या माशांच्या) हाडात अस्थिपेशी नसतात. अस्थिजनक पेशी हाड रचत मागे सरकतात, आपल्यासारख्या त्यात अडकून राहत नाहीत. आल्बर्ट फॉन कोलिकर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच माशांच्या हाडांचे हे दोन प्रकार वेगळे करून मांडले होते. म्हणजे तुमच्या मुलांनी जे पाहिलं ते अगदी बरोबर पाहिलं, हे त्यांना जरूर सांगा.

पेशी असलेलं माशाचं हाड हवं असेल तर शिंगाळा घ्या. त्याच्या गटात आणि तारलीच्या गटातही हाडात पेशी असतात, पण तारलीची हाडं घासायला फार नाजूक. शिंगाळ्याच्या कवटीचं हाड जाड असतं. परापाशी असलेला दातेरी काटा मात्र मुलांच्या हाती देऊ नका, त्याला विष असतं. कोळणीकडूनच तोडून घ्या.

प्रतिसाद २

वरचा प्रतिसाद उत्तम. मी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बरीच वर्षं ऊतिशास्त्र शिकवलं, तेव्हा बोकडाच्या हाडाबद्दल लिहिते.

काप पाण्यात ठेवू नका. वाळलेल्या हाडात पेशी उरत नाहीत, उरते त्यांची जागा. त्या पोकळ्यांत हवा असली की त्या काळ्या उठून दिसतात आणि त्यांतून फुटणाऱ्या केसाएवढ्या सूक्ष्मनलिकाही दिसतात. पाणी शिरलं की सगळं पारदर्शक होऊन हरवतं. तुमचे ठिपके पुसट दिसले ते यामुळे. नळी उकळून मगज काढा, साबणाच्या पाण्यात ठेवून चरबी घालवा, पूर्ण वाळवा. मग हॅकसॉ ब्लेडने आडवी चकती कापून ओल्या पॉलिश पेपरवर घासत जा, आधी जाडा मग बारीक. खालची छापील अक्षरं वाचता येतील इतकी पातळ झाली की पुन्हा वाळवून कोरडीच काचपट्टीवर ठेवा, वर आच्छादक काच. घासणं ओलंच करायचं, हाडाची भुकटी नाकात जाता कामा नये.

वर्तुळांचं कारण वेगळं आहे. दुकानात येणारा बोकड कोवळा असतो. भराभर वाढणाऱ्या अशा जनावराच्या नळीत हाड विटांच्या बांधकामासारखं थरांनी रचलेलं असतं, गोल रचना थोडी आणि तीही बहुधा आतल्या बाजूला. क्लॉप्टन हॅवर्स यांनी १६९१ मध्ये ज्या नलिकांचं वर्णन केलं त्यांच्याभोवतीची वलयं वय वाढेल तशी जास्त बनतात : अस्थिभक्षक पेशी जुनं हाड पोखरून बोगदा करतात आणि अस्थिजनक पेशी तो आतून भरत येतात. म्हाताऱ्या शेळीची किंवा मेंढीची नळी मिळवा, वर्तुळं दिसतील. एकेका वलयसमूहाचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर असतो, म्हणजे तुमचं १० चं भिंग पुरेसं आहे.

कोवळ्या बोकडाची नळी मात्र टाकू नका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तीत आहे. टोकाकडचा भाग उभा चिरा. सांध्यावरच्या चकचकीत कास्थीच्या खाली, थोड्या अंतरावर आणखी एक पांढरट आडवी पट्टी दिसेल. ती वाढीची कास्थी. तिथे पेशी उभ्या रांगांत वाढतात, फुगतात, भोवती क्षार जमतात आणि मग रक्तवाहिन्या व अस्थिजनक पेशी शिरून त्या जागी हाड रचतात. म्हणजे मोरीसारखी क्षारयुक्त कास्थी आपल्या शरीरातही असते. आपल्याकडे तिचा बहुतेक भाग जाऊन हाड येतं, मोरीत ती कायम राहते. त्या पट्टीचा ब्लेडने काप घेऊन सॅफ्रनिन लावा. तुम्ही ते वनस्पतींच्या कापांसाठी ठेवलं असेल, पण कास्थीचं आधारद्रव्य त्याने छान लालसर होतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रिंट काढून प्रयोगशाळेत लावते आहे. तांबोशीचं ऐकून वर्गात केवढा उत्साह आला! लगेच पुढचा प्रश्नही आला : हाडात पेशी नाहीत, तर ते हाड जिवंत कसं? मोडलं तर जुळतं का?

प्रतिसाद १

पेशी हाडाच्या आत नाहीत, पण पृष्ठभागावर आहेत. तिथे अस्थिजनक पेशी नवा थर चढवतात, आणि हाड विरघळवणाऱ्या पेशीही तिथेच काम करतात. माशांत त्या पुष्कळदा एका केंद्रकाच्या असतात, बोकडात किंवा माणसात अनेक केंद्रकांच्या. त्यामुळे मोडलेलं हाड जुळतं. मुलांना घरी विचारायला सांगा. जुना काटा मोडून जाड गाठ धरलेला मासा कोणाच्या तरी पाहण्यात असेलच. तसा मिळाला तर गाठीचा काप करा आणि फोटो इथे टाका.

प्रतिसाद २

आणि श्वासनलिकेबरोबर बोकडाचा कानही मागून घ्या. त्यातली कास्थी लवचीक तंतूंची, वेगळ्या प्रकारची. दुमडून सोडला की कान लगेच सरळ होतो, श्वासनलिकेची कडी तशी दुमडत नाही. दोन मणक्यांमधली चकती मिळाली तर तंतुमय कास्थी, हा तिसरा प्रकारही होईल. तिन्ही एकाच ताटात ठेवून आधी हाताने चाचपू द्या, सूक्ष्मदर्शक त्यानंतर.