मदत हवी आहे: एकटीने जुना फ्लॅट घेतेय, टोकन (व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी काय काय तपासू?

उंबरठा
इमारत १२ वर्षं जुनी. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, वर आणखी दोन मजले. कर्ज माझ्या एकटीच्या पगारावर, सहकर्जदार नाही. विकणाऱ्यांचं स्वतःचं गृहकर्ज अजून फिटलेलं नाही. दलाल म्हणतोय, दोन दिवसांत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.
एक गोष्ट खटकतेय. बेडरूमच्या एकाच भिंतीला ताजा रंग आहे, बाकीच्या तीन जुन्याच. त्या भिंतीपलीकडे बाथरूम.
टोकन देताना काय लिहून घेऊ, हप्ता किती झेपेल आणि त्या भिंतीचं काय करू?

हिशेबनीस
टोकन द्या, पण तोंडी नको. एका पानावर का होईना, लिहून घ्या: कर्ज नामंजूर झालं किंवा मालकीच्या कागदांत दोष निघाला तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत. जितके मालक तितक्या सह्या. पैसे बँकेतून आणि मालकाच्याच खात्यात, दलालाच्या नव्हे. "दुसरं गिऱ्हाईक" जवळपास प्रत्येक व्यवहारात असतंच, त्याची धास्ती घेऊ नका.

आता हप्ता. २० वर्षं मुदत आणि ९ टक्के दर धरला तर दर लाखामागे हप्ता साधारण ९०० रुपये. पहिल्या महिन्याच्या ९०० पैकी ७५० व्याजात जातात, मुद्दल कमी होतं फक्त दीडशेने. बदलत्या दराचं कर्ज असेल आणि दर लगेच १० टक्के झाला, तर बँक बहुतेक वेळा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवते. २४० महिन्यांचे जवळपास ३१४ होतात, म्हणजे सहा वर्षं जास्त. हप्ता तेवढाच दिसतो म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. दर वाढल्याचं पत्र आलं की मुदत तीच ठेवून हप्ता वाढवायला सांगा, तो लाखामागे ९६५च्या आसपास जाईल. तेव्हा आज ९०० नव्हे, ९६५ झेपतात का ते बघा.

एकच पगार असल्यामुळे किमान सहा महिन्यांचे हप्ते अधिक घरखर्च बाजूला ठेवा आणि ते पैसे घराच्या किमतीत घालू नका. मोह तिथेच होतो. पुढे दरवर्षी एक जादा हप्ता मुद्दलात भरलात तर ९ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज साधारण साडेसोळा वर्षांत संपतं.

चावी_जुळवा
वरच्यात भर. बँक कर्ज देते ते तिचं मूल्यांकन आणि करारातली किंमत यांतल्या कमी आकड्यावर. मूल्यांकन कमी आलं की मधली तफावत खिशातून. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, रंगरंगोटी हेही सहसा कर्जात बसत नाही. एकटीने घेताना घोळ होतो तो या वरच्या पैशांत.

गवंडीकाम
भिंतीबद्दल सविस्तर लिहितो. एकच भिंत रंगवली म्हणजे लपवाछपवीच असं नाही, पण पलीकडे बाथरूम असेल तर ओल आहे असंच धरून तपासा.

आधी हात फिरवा. ओली भिंत बाजूच्या भिंतीपेक्षा गार लागते. फरशीलगतच्या पट्टीवर बोटाने टिचकी मारत जा. बद्द आवाज आला तर गिलावा सुटलाय. स्विचबोर्डाच्या कडा आणि कपाटामागची जागा बघा, रंगारी तिथपर्यंत पोचत नाही. पांढरी भुकटी दिसली तर तो लोणा, पाणी आतून क्षार घेऊन बाहेर आल्याची खूण.

मग प्लास्टिकची चाचणी. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा, २४ तास ठेवा. थेंब आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा, तो खिडकी उघडल्याने जातो. ताजा प्लास्टिक पेंट ओल काही आठवडे आत दाबून ठेवू शकतो, म्हणून थेंब आले नाहीत तरी निर्धास्त होऊ नका.

ओल असेल तर उगम शोधा. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघा. काटा हलत असेल तर भिंतीतला दाबाचा नळ गळतोय, ते काम तुलनेने छोटं. काटा स्थिर असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं फरशीतलं भोक, बोळ्याने बंद करून बाथरूममध्ये दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, पेन्सिलने खूण करा, २४ तास थांबा. पातळी ठळक उतरली किंवा खालच्या घराच्या छताला डाग आला तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. मग फरशी उखडणं आलं. नुसत्या फटी भरून ते थांबत नाही, दोन पावसाळ्यांत पुन्हा तिथेच.

आणि बीम-खांब बघा. गिलाव्यातल्या केसासारख्या भेगा सोडून द्या. खांबाच्या लांबीने गेलेली भेग, सोबत तपकिरी ओघळ, म्हणजे आतली सळई गंजतेय. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. असं दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय टोकन नको.

उंबरठा
धन्यवाद! प्लास्टिक लावायला, पाणी साठवायला मालक नाही म्हणाले तर? आणि त्यांच्या कर्जाचं कसं करायचं?

गवंडीकाम
नाही म्हणाले तर वॉटरप्रूफिंग पूर्ण नव्याने करायचं धरून कंत्राटदाराकडून लेखी अंदाज घ्या आणि तो आकडा किमतीतून मागा. पुष्कळदा आकडा पुढे आला की चाचणीला परवानगी मिळते.

चावी_जुळवा
कर्जाचा क्रम असा. मालकाने त्यांच्या बँकेकडून दोन कागद आणायचे: अमुक तारखेपर्यंतच्या थकबाकीचं पत्र आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. ती यादी तुमच्या वकिलाकडून मालकीच्या साखळीशी (पहिल्या मालकापासून आजच्यापर्यंतचे सगळे करार) ताडून घ्या, मधला एखादा करार गायब असेल तर इथेच कळतं. तुमच्या बँकेचा पहिला चेक थेट त्या कर्जखात्याच्या नावाने, उरलेला मालकाला.
अडतं ते तारखेवर. थकबाकीच्या पत्रात रोजचं व्याज किती तेही लिहून घ्या. चेक चार दिवस उशिरा पोचला तर काही हजार कमी पडतात, खातं बंद होत नाही आणि मूळ कागद महिनाभर अडकतात. ती फरकाची रक्कम मालकाने लगेच भरायची, हे टोकनच्या कागदावरच टाका. कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा (फ्लॅटवरचा बँकेचा हक्क) उतरल्याची नोंद हातात येईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवा.