टेनंट-इन-चीफला मराठीत काय म्हणावं?

रानजाई
ससेक्स या इंग्लिश काउंटीच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय. १०६६ मध्ये हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झालेल्या नॉर्मंडीच्या विल्यमने तिथली बहुतेक जमीन आपल्या मोजक्या पाच सरदारांना वाटली. राजाकडून थेट जमीन मिळालेल्या अशा माणसाला इंग्रजीत टेनंट-इन-चीफ म्हणतात. मी 'राजाचं मुख्य कूळ' असं लिहिलं आणि मसुदा वडिलांना वाचायला दिला. त्यांनी 'कूळ' शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि समासात लिहिलं, "कुळाच्या पायाला चिखल असतो. याच्या पायाखाली किल्ला आहे." आमच्या आजोबांना कूळकायद्याने जमीन मिळाली. हा शब्द आमच्या घरात कुणी सहज वापरत नाही. दुसरा सुचवा.

देशावरचा
जहागीरदार. शेंबडं पोरही ओळखेल.

दप्तरखाना
ओळखेल, पण चुकीचं ओळखेल. मुघल जहागीर बदलीची असे. आज या सुभ्यात, चार वर्षांनी दुसरीकडे, आणि हाती येई तो वसूल. या सरदारांपैकी विल्यम द वॉरेनला ससेक्समधल्या लुइसचा मुलूख मिळाला तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या घराण्यात राहिला. मी 'सरंजामदार' म्हणेन. सरंजाम फौज पोसायला मिळतो, आणि या लोकांनाही ठरलेले घोडेस्वार राजाला द्यावे लागत. वारस गादीवर बसला की राजाकडे रक्कम भरायची, तो तर आपला नजराणाच. शिवाय या सगळ्या व्यवस्थेला आपण सरंजामशाही म्हणतोच.

माझीमराठी
जहागीर फारसी, सरंजाम फारसी. 'सामंत' किंवा 'मांडलिक' का सुचत नाही कुणाला? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश याचसाठी करवून घेतला ना?

दप्तरखाना
कोश झाला, त्याचा मला अभिमान आहे. तरी पेशवे दप्तर उघडलंत तर सरंजाम, मोकासा, मामला हेच शब्द भेटतील. फारसी गाळायचं तर 'जमीन'ही गाळावी लागेल. आणि मांडलिकाचं स्वतःचं राज्य असतं. या पाचांकडे ससेक्समध्ये होतं ते सगळं विल्यमने दिलेलं.

माझीमराठी
म्हणून 'सामंत'ही म्हटलं होतं मी. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. आणि भूमी हा शब्द आहे की आपल्याकडे.

तलाठ्याची लेक
माझे वडील तलाठी होते, म्हणून सातबाऱ्यावरून सांगते. त्यावर रकाना मालकाचा नसतो, भोगवटादाराचा असतो. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यमने करवलेल्या जमीनपाहणीच्या नोंदवहीतही तसंच आहे. जमीन अखेर राजाची, बाकीचे ती 'धरतात'. नोंद अशीच, अमुक गाव अमुक माणूस धरतो. लॅटिन क्रियापद तेनेत, आणि टेनंट त्याच कुळीतला. म्हणजे टेनंट हा मुळात 'धारक'. 'थेट धारक' करा, त्यात चिखलही नाही आणि किल्लाही नाही.

रानजाई
अर्थ नेमका बसतो, पण 'धारक' वाचला की मला शिधापत्रिकाधारक दिसतो. ही माणसं तशी नव्हती हो. पश्चिमेकडून मोजा: अरुंडेलला रॉजर द माँगमरी, ब्रॅम्बरला विल्यम द ब्रिओझ, लुइसला वॉरेन, पेव्हन्सीला मॉर्तेनचा काउंट रॉबर्ट, म्हणजे राजाचाच भाऊ, एका आईचा, आणि हेस्टिंग्जला यूचा काउंट, तोही रॉबर्टच. दुसऱ्या काउंट्यांत बड्या सरदारांच्या जमिनी विखुरलेल्या असत. इथे मात्र चर्चच्या जमिनी सोडल्या तर सलग पट्टे, समुद्रापासून उत्तरेकडे आत गेलेले, प्रत्येकात एक किल्ला. नॉर्मंडीला जायची वाट इथूनच, म्हणून भरवशाची माणसं बसवली. आणि या पट्ट्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो देवनागरीत 'रेप' होतो. तसा छापायचा नाही मला.

खाडीपलीकडे
'तर्फ' लिहा. आमच्या कोकणात महालाच्या पोटात तर्फा असत, गावांच्या नावांत अजून आहेत. फारसीतून आलाय, माझीमराठी यांनी रागावू नये.

रानजाई
तर्फ घेतला! आता ससेक्समधलं बॉशम गाव. हेस्टिंग्जला पडलेल्या राजा हॅरल्डचा बाप गॉडविन याच्याकडे होतं ते, १०८६ मध्ये विल्यमने स्वतःकडे ठेवलेलं. 'खालसा' लिहिलंय.

दप्तरखाना
राजाच्या जमिनीला खालसा ठीक. सरदाराने स्वतःसाठी राखलेली असेल तर 'शेरी'.

देशावरचा
शेरी! आमच्या गावाखाली ओढ्याच्या अंगाला एक शिवार आहे, त्याला अजून शेरीच म्हणतात. जहागीरदाराची विहीर तिथे आहे, चिरेबंदी, मोटेच्या दगडावर नाड्याने पडलेल्या खाचा बोट घालून मोजता येतात. इंग्रज काउंटीला शायर म्हणतात, वर शेरीफ बसवतात. शेरी त्यातलाच नसेल कशावरून?

तलाठ्याची लेक
नाही हो. शेरीफ म्हणजे शायरचा रीव्ह, राजाचा तिथला कारभारी. हेच पद मुंबईला आलं आणि मराठीत त्याचं 'नगरपाल' झालं. शेरीचा त्याच्याशी संबंध नाही.

खाडीपलीकडे
आमच्याकडे शेरी नाही, खोताची 'खासगी' असे. तिच्यावर वेठ. लावणीला आधी खोताचं शेत, मग आपलं.

देशावरचा
आजीही हेच सांगायची. शेरीचं खळं उरकल्याशिवाय घरच्या कणसाला हात लावायचा नाही.

रानजाई
ससेक्सच्या व्हिलनचंही, म्हणजे धन्याच्या गावातल्या शेतकऱ्याचंही तेच, ठरलेल्या दिवशी धन्याच्या शेतावर राबायचं. म्हणजे वडिलांचा गोल इकडे सरकवते, व्हिलनला 'कूळ' म्हणते.

तलाठ्याची लेक
घाई करू नका. कूळ खंड भरतो, आणि जमीन सोडून जायला मोकळा असतो. पुढच्या शे-दीडशे वर्षांत व्हिलनला धन्याच्या परवानगीशिवाय गावही सोडता येईना.

खाडीपलीकडे
आमच्या पणज्याला येत होतं की काय?