मुलाला एकट्याने चर्चला पाठवावं का?

प्रश्न: मुलगा १२ वर्षांचा. संडे स्कूलला एकटा जातो म्हणतो: नागपुरात प्रजापती नगरहून मेट्रो, सीताबर्डीला बदल, मग कस्तुरचंद पार्क. खाऊचे पैसेही मागतो. कितपत सोडावं?

उत्तर १: आधी दोन रविवार तुम्ही सोबत जा, पण वाट त्याने दाखवायची. चूक सीताबर्डीलाच होते. घाईत उलट दिशेची, खापरीची गाडी पकडली जाते. ‘ऑटोमोटिव्ह चौक’ ही पाटी वाचूनच चढायचं.

उत्तर २: आठवड्याला १०० रुपये, दहाच्या दहा नोटा. एकच नोट दिली की दशांश (देवासाठी चर्चला द्यायचा दहावा भाग) उरलेल्यातून काढायचा ठरतो, अन् उरत काहीच नाही. पहिली नोट लगेच दानाच्या पाकिटात. बुधवारी पैसे संपले, तर संपले! आजी गुपचूप भर घालते, तिथंच सगळं फसतं.

उत्तर ३: बायबलमध्ये लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला बाप, वाटा घेऊन घर सोडणाऱ्या मुलाला अडवत नाही, खरंय. पण तो मुलगा १२ वर्षांचा नव्हता हो! पोचल्यावर फोन हवाच.